फक्त चार अक्षरांचा पासवर्ड ठेवणाऱ्या माणसाने जगाला 'सी' लँग्वेज दिली

२०१४ सालची गोष्ट. जुनी सॉफ्टवेअर धुंडाळणाऱ्या एका प्रोग्रामरला युनिक्सच्या एका जुन्या आवृत्तीत एक फाइल सापडली. ही आवृत्ती १९८० च्या आसपासची. त्या काळी कम्प्युटर वापरणाऱ्यांची नावं आणि त्यांचे गुप्त रूपात बदललेले पासवर्ड एकाच फाइलमध्ये असायचे, आणि ही फाइल सोर्स कोडसोबत तशीच जगभर गेली होती. त्यात कम्प्युटरच्या दुनियेतली एकाहून एक मोठी नावं होती.

मग काय, लोकांनी पासवर्ड फोडायला घेतले. युनिक्सचे जनक केन थॉम्पसन यांचा पासवर्ड काही केल्या फुटेना. शेवटी २०१९ मध्ये एका आधुनिक ग्राफिक्स कार्डला चार दिवसांहून जास्त राबवल्यावर तो मिळाला. बुद्धिबळातल्या पहिल्या चालीचा तो सांकेतिक उल्लेख होता.

थॉम्पसन यांच्या शेजारी बसून काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा पासवर्ड मात्र अगदी साधा निघाला. डी, एम, ए, सी. फक्त चार अक्षरं, तीही स्वतःच्याच नावातली. त्या माणसाचं पूर्ण नाव होतं डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची.

आज तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये अँड्रॉइड असो की आयफोनचं सॉफ्टवेअर, त्याचा गाभा सी लँग्वेजमध्ये लिहिलेला आहे. ती सी बनवणारे हेच रिची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी सी ची प्रॅक्टिकल्स केली, रात्रभर बसून एरर शोधले आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' उशाशी घेऊन झोपले, त्यातल्या बऱ्याच जणांनी रिचींचा फोटोही कधी पाहिलेला नसतो.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल इथला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे कॉल एकमेकांना जोडणारे स्विच कसे बनवायचे, हा त्यांचा विषय. पुढे कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट गावी आलं आणि डेनिस तिथेच वाढले. हार्वर्डमधून १९६३ मध्ये त्यांनी फिजिक्सची पदवी घेतली आणि तिथेच गणिताच्या अंगाने पीएचडीला सुरुवात केली. एखादा प्रोग्राम कसा रचला आहे यावरून तो चालायला किती वेळ लागेल हे आधी सांगता येईल का, असा त्यांच्या प्रबंधाचा साधारण विषय होता.

१९६८ मध्ये प्रबंध लिहून झाला. मार्गदर्शकांची हरकत नव्हती. फक्त त्याची बांधीव प्रत हार्वर्डच्या लायब्ररीत जमा करायची होती. रिचींनी ती कधी केलीच नाही. एका मित्राच्या आठवणीप्रमाणे, बाइंडिंगचा खर्च विद्यार्थ्याने का करायचा यावरून गाडी अडली. कारण काही असो, पीएचडी राहिली ती राहिलीच. लोक पुढे आयुष्यभर त्यांना डॉक्टर रिची म्हणत आले, ते चुकीचं होतं.

तोवर, १९६७ मध्येच, ते वडिलांच्याच बेल लॅब्समध्ये लागले होते. न्यू जर्सीतलं मरे हिल हे ठिकाण. ट्रान्झिस्टर इथलाच. इथे हुशार माणसांना पगार देऊन, आपापलं काम करा असं सांगून मोकळं सोडलं जायचं. रिची दुपारी उगवायचे आणि रात्री उशिरापर्यंत बसायचे. दाढी, लांब केस, बोलणं मोजकं. मात्र मिश्किलपणा भरपूर. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकारी रॉब पाइक यांनी दोन व्यावसायिक जादूगारांना हाताशी धरून स्वतःच्याच बॉसला टोपी घातली होती. आवाज ओळखणारा कम्प्युटर तयार झालाय असं सांगून त्यांना डेमो दिला. बॉस कोण, तर नोबेल विजेते अर्नो पेन्झियास!

बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून तेव्हा 'मल्टिक्स' नावाची मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होते. काम रेंगाळलं, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं. हातचं काम गेलेल्या थॉम्पसन यांनी कोपऱ्यात पडलेल्या पीडीपी-७ नावाच्या जुन्या मशीनवर स्वतःची छोटी सिस्टिम लिहायला घेतली. पत्नी बाळाला घेऊन कॅलिफोर्नियाला सासरच्या माणसांना भेटायला गेली होती, तेवढ्या थोड्या आठवड्यांत सिस्टिमचा सांगाडा उभा राहिला. हेच ते युनिक्स. फायली कशा ठेवायच्या हा आराखडा थॉम्पसन, रिची आणि रड कॅनाडे या तिघांनी फळ्यावर मांडून ठरवला होता.

इथे फाइल म्हणजे काय, हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण खरी गंमत तिथेच आहे.

त्याआधीच्या मोठ्या मशीनवर फाइल म्हणजे एकसारख्या कप्प्यांची रांग असायची. ही सवय पंचकार्डातून आली होती. एका कार्डावर ८० रकाने, म्हणून एका नोंदीला ८० अक्षरं. नावाला २० रकाने ठेवले असतील आणि नाव पाच अक्षरांचं असेल, तर उरलेले १५ रकाने मोकळे. नोंद किती लांबीची, कोणत्या प्रकारची, हे प्रोग्रामरला आधीच जाहीर करावं लागायचं. सरकारी फॉर्मसारखंच, चौकटीबाहेर लिहायचं नाही.

युनिक्सने या चौकटी काढून टाकल्या. फाइल म्हणजे एकामागून एक येणारे बाइट, बस. त्यात पत्र आहे, प्रोग्राम आहे की हिशोब, याच्याशी सिस्टिमला घेणंदेणं नाही. ओळ कुठे संपते? जिथे 'नवी ओळ' या अर्थाचा एक बाइट येतो तिथे. उघडा, वाचा, लिहा, बंद करा, इतक्यात काम भागतं. कीबोर्ड, प्रिंटर, टेप हीसुद्धा फाइलसारखीच वाचता-लिहिता यावीत, ही त्यातली भर खुद्द रिचींची.

अडचण पुढे आली. १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवं मशीन मिळालं. ते मागताना कंपनीच्या पेटंट विभागासाठी टायपिंगची सोय करून देतो असं सांगितलं होतं, आणि ती दिलीही. या मशीनची खासियत अशी की त्यातल्या प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. थॉम्पसन यांची 'बी' नावाची लँग्वेज मात्र एकच गोष्ट ओळखायची, ती म्हणजे मशीनचा अख्खा शब्द. अक्षरं त्या शब्दात दाटीवाटीने कोंबलेली असायची आणि एकेक अक्षर बाहेर काढायला वेगळी खटपट करावी लागायची. सगळी फाइल अक्षरांची आणि हातातली लँग्वेज अक्षर न ओळखणारी, असा प्रकार.

१९७१ पासून रिचींनी बी मध्ये बदल सुरू केले. हा पूर्णांक, हे अक्षर, असे प्रकार आणले. सुरुवातीला नाव होतं 'न्यू बी'. १९७२ पर्यंत ती इतकी बदलली की तिला 'सी' हे नवं नाव मिळालं. थॉम्पसन यांनी युनिक्सचा गाभा सी मध्ये लिहिण्याचा एक प्रयत्न केला, तो फसला. वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधायची सोय तोवर लँग्वेजमध्ये नव्हती. रिचींनी ती घातली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी गाभा नव्याने लिहून काढला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनच्या भाषेतच लिहायची गोष्ट, असं तेव्हा बहुतेक जण मानत. सी मुळे युनिक्स एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर नेणं शक्य झालं.

आता पुन्हा त्या पासवर्डच्या फाइलकडे येऊ. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाइप केल्यावर युनिक्सचा लॉगिन प्रोग्राम काय करायचा? ती फाइल उघडायचा. एक ओळ वाचायचा. पहिल्या अपूर्णविरामापर्यंतचा तुकडा, म्हणजे नाव, वेगळा काढायचा. तुम्ही टाइप केलेल्या नावाशी ताडून बघायचा. नाही जुळलं तर पुढची ओळ. जुळलं तर तुमच्या पासवर्डला गुप्त रूप देऊन फाइलमधल्या गुप्त रूपाशी ताडायचा. दोन्ही जुळले की दार उघडलं. थोडक्यात, फाइल वाचणं आणि स्ट्रिंगची तुलना करणं, एवढंच.

पण सी शिकणारा प्रत्येक जण नेमका याच दोन ठिकाणी आपटतो, आणि त्याचं मूळ रिचींच्या निर्णयांत आहे.

सी मध्ये स्ट्रिंग नावाची वेगळी वस्तूच नाही. अक्षरं ओळीने ठेवलेली असतात आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. तो दिसला की समजायचं, संपलं. शेवटी खूण ठेवण्याची पद्धत बी मधूनच आली होती. लांबी सुरुवातीला लिहून ठेवली तर तेवढ्याशा जागेत मोठा आकडा मावत नाही आणि ती सांभाळत बसावी लागते, असा त्यामागचा विचार. प्रोग्रामच्या हातात असतो तो फक्त पहिल्या अक्षराचा पत्ता.

म्हणून नवखा प्रोग्रामर दोन नावांमध्ये == टाकतो आणि नावं सारखी असूनही उत्तर 'नाही' येतं. सचिन पाटील पुण्यात राहतात आणि सचिन पाटील नागपुरातही राहतात. == फक्त घराचा पत्ता बघतं, दारावरची पाटी वाचत नाही. पाटी वाचायला 'स्ट्रकंप' हे फंक्शन लागतं. ते दोन्ही स्ट्रिंगवरून एकेक अक्षर पुढे सरकतं आणि पहिला फरक दिसला की थांबतं. डावं अक्षर लहान असेल तर उणे, मोठं असेल तर अधिक आणि शेवटपर्यंत फरकच नसेल तर शून्य. यामुळे नावं क्रमाने लावणंही त्याच फंक्शनने होतं. पण सी मध्ये शून्य म्हणजे 'खोटं'. त्यामुळे नावं जुळली की उत्तर 'खोटं' वाटतं. किती पोरांनी यावर डोकं आपटलंय, याची गणती नाही.

फाइलमधून ओळ वाचली की आणखी एक चोर लपलेला असतो. 'एफगेट्स' ओळ देतं, पण शेवटच्या 'नवी ओळ' या बाइटासकट. स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात आणि स्ट्रकंप मात्र वेगळी आहेत म्हणून सांगतं. स्ट्रकंपचं काही चुकलेलं नसतं, एका नावाला न दिसणारं शेपूट असतं.

आणि फाइल संपली हे कसं कळणार? बाइटच्या २५६ च्या २५६ किमती खऱ्या माहितीच्या असू शकतात. म्हणून एकेक अक्षर वाचणारं फंक्शन अक्षर न देता मोठा पूर्णांक देतं आणि फाइल संपल्यावर उणे एक, जी कोणत्याच अक्षराची किंमत नसते. हे उत्तर अक्षराच्या छोट्या कप्प्यात ठेवलं, तर काही मशीनवर वाचन कधी थांबतच नाही. वाचन-लेखनाची ही साधनं माइक लेस्क यांच्या पॅकेजवरून पुढे घडत गेली.

१९७८ मध्ये रिची आणि ब्रायन कर्निघन यांचं सी वरचं पुस्तक आलं. पातळसं पुस्तक, पण पुढची कितीतरी वर्षं तेच लँग्वेजचा कायदा ठरलं. स्ट्रकंप कसं लिहायचं हे त्यात दोन पद्धतींनी दाखवलंय, दोन्ही जेमतेम काही ओळींचे.

या सगळ्यामागे एक गृहीत होतं. प्रोग्रामर शहाणा आहे, त्याला काय करायचंय ते तो जाणतो, लँग्वेजने मध्ये कडमडू नये. मरे हिलच्या त्या खोल्यांमध्ये ते खरंही होतं. सगळे एकमेकांना ओळखणारे. चार अक्षरी पासवर्ड पुरेसा वाटावा असं वातावरण. सुरक्षेचं रिचींना काहीच पडलं नव्हतं, असं मात्र नाही. साध्या माणसाला पासवर्डच्या फाइलला हात लावता येऊ नये, तरी स्वतःचा पासवर्ड बदलता यावा, यासाठी प्रोग्रामला तेवढ्यापुरते मालकाचे अधिकार देण्याची युक्ती त्यांचीच. १९७३ मध्ये त्यासाठी केलेला पेटंटचा अर्ज १९७९ मध्ये मंजूर झाला. नंतर हे पेटंट सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

पण बाहेरचं जग मरे हिलसारखं नव्हतं.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या विद्यापीठांची मशीन एकामागून एक गुदमरायला लागली. एक प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत नेटवर्कवर पसरत होता. त्याची एक वाट होती 'गेट्स' नावाच्या फंक्शनमधून. हे फंक्शन ओळ वाचतं, पण ती ठेवायला जागा किती आहे हे विचारतच नाही. समोरच्या प्रोग्रामने ५१२ बाइटची जागा ठेवली होती, या किड्याने ५३६ पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या जागेत सांडले आणि मशीनचा ताबा गेला. दुसरी वाट पासवर्डच्या फाइलची. एकेक ओळ वाचायची, वापरणाऱ्याचं नाव, तेच नाव उलटं, असे अंदाज गुप्त रूपात बदलून ताडून बघायचे. लॉगिन प्रोग्राम करतो तेच काम, पण चोराच्या हाताने. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० मशीन बाधित झाली.

किडा सोडणारा मुलगा कोण निघाला? रॉबर्ट टॅपन मॉरिस. त्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅब्समध्ये रिचींचे सहकारी होते आणि युनिक्सचे पासवर्ड गुप्त ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांनीच काम केलं होतं.

तरीही वर्षभराने, १९८९ मध्ये सी चं अधिकृत प्रमाणीकरण झालं तेव्हा गेट्स त्यात राहिलंच. लाखो प्रोग्राम त्यावर चालत होते, काढणार कसं? इथे सी वर टीका करायला पूर्ण जागा आहे. शेवटच्या शून्यावर भिस्त ठेवण्याची किंमत जग अजून मोजतंय. लांबी न तपासल्यामुळे पडलेली भगदाडं आजही दर काही महिन्यांनी सापडतात. आपल्या लँग्वेजमध्ये दोष आहेत हे रिची स्वतःही लपवत नव्हते. १९९३ मध्ये सी चा इतिहास लिहिताना त्यांनी ते सरळ मान्य केलंय.

गंमत म्हणजे या बाइटच्या साधेपणानेच मराठीला कम्प्युटरवर जागा मिळवून दिली. १९९२ मध्ये त्याच बेल लॅब्समध्ये थॉम्पसन आणि पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली. जगातल्या सगळ्या लिपी त्यात बसतात, पण मध्येच शून्याचा बाइट येत नाही, त्यामुळे सी चे जुने प्रोग्राम मोडत नाहीत. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा पाच खुणा, म्हणून सी त्याची लांबी १५ सांगते. आणि 'वाऱ्यावर' मधला तो ऱ्य दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे, स्ट्रकंपला वेगळे. मराठी याद्यांमध्ये शोधलेलं नाव कधी कधी सापडत नाही, त्यामागे असंही कारण असू शकतं.

मानसन्मान रिचींना मिळाले. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार. १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. २०११ च्या मे महिन्यात जपान प्राइझ त्यांना मरे हिलमध्येच देण्यात आलं.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला स्टीव्ह जॉब्स गेले. जगभरच्या पेपरांची पहिली पानं भरली. १२ ऑक्टोबरला न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स इथल्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. वय ७०. लग्न केलेलं नव्हतं, एकटेच राहत. प्रकृती काही काळ बरी नव्हती. नेमकं कधी गेले हेही नक्की सांगता आलं नाही. बातमी बाहेर आली ती रॉब पाइक यांनी सोशल मीडियावर लिहिलेल्या छोट्या पोस्टमधून. जॉब्स यांच्या आयफोनच्या गाभ्यातही युनिक्सचा वारसा आणि सी होतीच, पण शोक मुख्यतः प्रोग्रामर मंडळींनीच केला. पुढच्या महिन्यात आलेली फेडोरा लिनक्सची १६ वी आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली.

डिसेंबर २०११ मध्ये सी चं नवं प्रमाण प्रसिद्ध झालं. त्यातून 'गेट्स' अखेर काढून टाकलं होतं. ते बघायला रिची नव्हते.

हार्वर्डला न दिलेला तो प्रबंधही हरवला असंच लोक धरून चालले होते. पण एक प्रत शिल्लक होती. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने ती स्कॅन करून सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवली. बाइंडिंग न करताच.